पहिला मान उंदरांचा

गुरसराय, ६ फेब्रुवारी १९९७

चि. अंबिकेस शारदाआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शाळेतच फोडलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तू अमिनो आम्लापासून आकडीवरचं औषध करते आहेस, ते दिलेल्या उंदरांना झटका आला नाही आणि गुंगी येऊन फिरत्या दांड्यावरून ते पडलेही नाहीत, हे वाचून माझ्याबरोबर शिकवणाऱ्या सगळ्या बहनजींना पेढे वाटले. माझ्या गोळीने झटका थांबतो खरा, पण तुझ्या दांड्यावर मी एक फेराही टिकणार नाही. परवा पाढे ऐकता ऐकता डोळा लागला. उठले तर पोरींनी सतराचा पुन्हा सुरू केला होता. गुणी आहेत.

आपल्या घरात नवं लोणचं असो की पहिला आंबा, पहिला मान थोरल्या लेकीचा. तेव्हा तुझ्या औषधाच्या भुकटीची पहिली पुडी माझी. नैवेद्याआधी उपास करतात, तशा जुन्या गोळ्या मी सोमवारपासून सोडल्या आहेत. नव्याला पोट कोरं हवं ना? तुझ्या बाबाला, वामनला, सांगू नकोस, ओरडेल.

लोभ सगळा उंदरांना देऊ नकोस, थोडा इकडेही असू दे.

तुझी आत्या

---

झाशी, ८ फेब्रुवारी

ती. आत्यास अंबिकेचा साष्टांग नमस्कार.

बाबांना सांगितलं. हेच पत्र घेऊन ते पहिल्या बसने येताहेत. ओरडले तर ऐकून घे आणि लगेच त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे जा. गोळ्या अशा एकदम सोडल्या की झटके एकामागून एक येऊ शकतात, जिवावर बेततं.

पुडी मिळणार नाही. उंदरांनंतर मोठे प्राणी, वर्षानुवर्षं तपासण्या, मग कुठे माणूस. बहुतेक भुकट्या वाटेतच बाद होतात. ही यकृताला बाधते का, हे मी तुझ्यावरून शिकू? मी लहान असताना तुला आलेली आकडी पाहिली, म्हणून तर हा विषय घेतला. गुंगीचं डॉक्टरांना सांग, मात्रा बदलता येते.

रागावलीस तरी गोळी घेऊन रागाव. लोभ आहेच, तो तब्येतीसकट राहू दे.

तुझी अंबिका

---

गुरसराय, १५ फेब्रुवारी

चि. अंबिकेस आशीर्वाद, वामनच्या आवाजाला नमस्कार.

तो पोचला तेव्हा मी शाळेच्या ओसरीत आडवी होते. प्रार्थनेतच झटका आला. कपाळाला टाके पडले. पोरींनी नाकाला चप्पल लावली होती. कोणाची, ते मी वासावरून सांगू शकेन. डॉक्टर म्हणाले, चप्पल नको, कुशीवर वळवायचं. आता पोरी म्हणतात, बहनजी, एकदा करून पाहू का?

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, मोठी मात्रा झोपताना. काल पाढे शेवटपर्यंत ऐकले आणि सतरा नव्वेची चूकही पकडली.

पहिला मान मी सोडला. तो तुझ्या उंदरांचा. त्यांच्यासाठी भाजके चणे पाठवते आहे, बिनमिठाचे. चालत नसतील तर तू खा. मागच्या रांगेत मात्र माझी जागा धरून ठेव. औषधाला दहा वर्षं लागोत की पंधरा, तोवर रांगेत उभं राहायचं तर जुनी गोळी घ्यायलाच हवी, एवढं गणित मास्तरणीला जमतं.

आजची घेतली.

तुझ्या लोभात कायम,
आत्या