वन्संचा चमचा

५ सप्टेंबर, गुरुवार

नाही म्हणाल्या! परत नाही!

वन्संनी माझ्या पेअरच्या लोणच्याची फोड तोंडात टाकली, घोळवली, माझ्या तोंडाकडे एकटक बघितलं आणि म्हणाल्या — "अजून नाही." झालं. लगेच लसूण सोलायला घेतला. मी तिथेच चमचा हातात धरून उभी, नापास झालेल्या पोरीसारखी.

लोणच्यांचा धंदा वन्संचा. नवरा गेल्यावर त्या भावाकडे, म्हणजे आमच्याकडे राहायला आल्या आणि मागच्या खोलीत शेगडी, पातेली, बरण्या मांडून मोकळ्या झाल्या. मी धुते, चिरते, ढवळते, बरण्या भरते. चव वन्संची. त्यांच्या जिभेवरून गेल्याशिवाय बरणीला लेबल लागत नाही, हा घरचा कायदा. लिंबू त्यांचं, लसूण त्यांचं, गाजर त्यांचं. पेअर, आलं आणि मोहरी — हे एवढं एकच माझं. माझ्या डोक्यातून आलेलं. आणि ते मला लेबल लावून शनिवारच्या बाजारातल्या आमच्या टेबलावर बघायचंय. तेही वन्संच्या "हो"वर! मिनतवारी करून मिळवलेलं नको.

हल्ली तर वन्सं चाखल्यावर पटकन बोलतही नाहीत. आधी समोरच्याचं तोंड न्याहाळतात. माणूस तिथेच अर्धमेला होतो.

६ सप्टेंबर, शुक्रवार

आमचे हे म्हणतात, "ताई नाही म्हणते ना? मग लोकांना विचार." यांना वाटतं, सगळं जग मतदानावर चालतं.

— पण कल्पना वाईट नाही!

७ सप्टेंबर, शनिवार

बाजाराचा दिवस. वन्संनी परवानगी दिली, पण कशी? "विकायचं नाही. लेबल नाही. नुसतं चाखायला ठेव." तेवढं पुरे आहे मला.

टेबलाच्या कडेला दोन काचेचे ग्लास ठेवले. एकावर लिहिलं "पुन्हा हवं", दुसऱ्यावर "नको बाबा". चाखायला आइस्क्रीमचे लाकडी चमचे. चाखून झालं की चमचा ज्याच्या त्याच्या मताप्रमाणे ग्लासात. तोंडावर गोड बोलायची कोणाला गरज नाही.

पहिले आले एक टोपीवाले काका. फोड खाल्ली, डोळे मिटले. "हे नक्की लोणचं आहे की जॅम रुसलाय?" — आणि चमचा "नको बाबा"त! मग एक बाई आल्या. त्या नुसतं "हुं" म्हणाल्या. परत फोड घेतली. परत "हुं". तिसऱ्यांदा घेतली तेव्हा मीच म्हटलं, "बाई, चमचा कुठेतरी टाका की." तर चमचा पर्समध्ये टाकून निघून गेल्या. आता हे मत कोणत्या ग्लासात मोजायचं?

एक नवरा-बायको भांडले. तो म्हणे आंबट, ती म्हणे गोड. दोघांचे चमचे वेगळ्या ग्लासांत. शेवटी वन्संचं लसणाचं लोणचं घेऊन गेले.

एकंदरीत "नको बाबा" जड भरलं.

१० सप्टेंबर, मंगळवार

ह्यांनी संध्याकाळी मोबाईलवरचे अभिप्राय मोठ्याने वाचून दाखवले. आमच्या लिंबाच्या लोणच्याबद्दल कोणीतरी लिहिलंय — "चव अप्रतिम. झाकण उघडताना मनगट दुखावलं. एक तारा." दुसरा म्हणतो, "बायकोला फार आवडलं, त्यामुळे मला मिळालं नाही. दोन तारे." वन्सं खो खो हसल्या. किती दिवसांनी!

मग हसता हसता थांबून विचारलं, "मिठाबद्दल कोणी काही लिहिलंय का रे?" हे म्हणाले, नाही. वन्संचा जीव भांड्यात पडला. एवढ्या मुरलेल्या बाईलाही धाकधूक असते तर! मला उगाच बरं वाटलं.

१४ सप्टेंबर, शनिवार

हुं-बाई परत आल्या! आल्या आल्या म्हणाल्या, "आलं दातात येतं." बस्स. आठवडाभर विचार करून हे एक वाक्य. मला आधी राग आला. माझं आलं, मी कितीही जाड चिरीन! मग गुपचूप एक फोड खाल्ली. येतंय हो दातात. चांगलंच येतंय.

टोपीवाले काकाही आले. "गोडी कमी कर गं, मग बघतो." बघणारे हे कोण? पण साखर कमी करणार आहे मी.

१६ सप्टेंबर, सोमवार

आलं किसून घातलं. साखर निम्मी केली. मोहरी जराशी भरडून, भाजून. खोलीभर असा वास सुटला की हे पेपर टाकून आत आले — "काय जळतंय?" जळत काही नाही, म्हटलं, नशीब उजळतंय. वन्सं शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. इतकं ढिम्म कसं राहावं माणसाने!

२१ सप्टेंबर, शनिवार

काय लिहू! आकाश ठेंगणं झालंय!

"पुन्हा हवं"चा ग्लास भरला. उपडा करून रिकामा केला — परत भरला! टोपीवाल्या काकांनी चाखलं आणि टोपी काढली. खरंच काढली. आत टक्कल आहे. एक व्यायाम करणारा दंडवाला आला. "मी साखर खात नाही," म्हणत चार फोडी खाल्ल्या. मागच्या वेळचे नवरा-बायकोही आले, आणि आज त्यांचे चमचे एकाच ग्लासात! मी त्यांचं लग्न वाचवलं म्हणायला हरकत नाही. हुं-बाईंनी चाखलं, चघळलं, आणि "हुं" म्हटलंच नाही. "आता झालं," म्हणाल्या. मी त्यांच्या गळ्यात पडणारच होते, मध्ये टेबल होतं म्हणून वाचल्या.

आणि बेकरीवाला! बाजाराच्या तोंडाशी त्याचं दुकान आहे. ग्लासाकडे बघत उभा होता बराच वेळ. म्हणाला, "काउंटरवर तुमची एक बरणी ठेवायचीये. हीच." मी म्हटलं, याला अजून लेबल नाही. "मग लावा की." किती सोपं वाटतं लोकांना!

वन्सं दिवसभर माझ्या शेजारीच होत्या. एकही फोड चाखली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे मात्र बघत होत्या, सिनेमा बघावा तसे.

२४ सप्टेंबर, मंगळवार

वन्संना विचारलं नाही. विचारणारही नाही. गावाने ग्लास भरून दिला तरी मला एकच चमचा हवाय. हट्ट तर हट्ट.

२८ सप्टेंबर, शनिवार

मिळाला!! मिळाला, मिळाला!

दुपारी बाजार ओसरला होता. मी टेबल पुसत होते, शीळ घालत. हो, शीळ! या वयात! वन्संनी आपणहून लाकडी चमचा उचलला. फोड घेतली. घोळवली. माझ्याकडे बघितलं, नेहमीसारखं. मी पण बघितलं. आज मला भीतीच वाटली नाही. का वाटावी? मला माहीत होतं की झालंय. चांगलं झालंय.

वन्सं उठल्या, टेबलाला वळसा घालून गिऱ्हाइकाच्या बाजूने आल्या आणि चमचा "पुन्हा हवं"मध्ये टाकला. मग म्हणाल्या, "लेबलावर तुझं नाव घाल. माझं नको."

मी तिथे रडले. फडकं होतं हातात, त्यालाच तोंड पुसलं, दिवसभर तोंडाला मोहरीचा वास येत होता. बेकरीवाल्याला लगेच जाऊन सांगितलं. पुढच्या शनिवारी सकाळी बरण्या काउंटरवर! ह्यांना सांगितलं तर म्हणे, "मी म्हटलंच होतं." यांनी काय म्हटलं होतं, ते मी मागची पानं उलटून दाखवू शकते. पण आज नाही. आज सगळ्यांना सगळं माफ.

२ ऑक्टोबर, बुधवार

लेबलं आली! माझं नाव ठसठशीत आलंय. एक कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. कपाट उघडलं की दिसतं.

३ ऑक्टोबर, गुरुवार

बेकरीवाल्यासाठी मोठ्ठं पातेलंभर लोणचं घातलं. एवढं मी एकटीने कधीच घातलं नव्हतं. हातात बळ कुठून आलं, कोण जाणे. गाणी म्हणत फोडी केल्या.

आमच्यात एक पद्धत आहे. मीठ घातलं की डाव पातेल्यावर आडवा ठेवायचा. मग ज्याला कोणाला मध्येच यावं लागेल, त्याला कळतं की मीठ पडलंय. आज डाव जागेवर नव्हता. हे मदतीला आले होते ना, तो हातात घेऊन खिडकीशी बेकरीवाल्याच्या माणसाला बरण्यांचा आकार समजावत होते, डाव नाचवत! काढून घेतला एकदाचा. मीठ घातलं, ढवळलं, ठेवला आडवा.

संध्याकाळी वन्संना चमचा दिला. मला तर हसूच आवरत नव्हतं. त्यांनी चाखलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "त्या दिवसासारखंच. उलट कांकणभर सरस!"

वन्संनी चाखलं म्हणजे मी चाखायची गरज नाही. झोपते सुखाने.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी बरण्या भरताना बोटाला लागलेलं चाटलं. थुंकले! नुसतं मीठ! ह्यांनी आधीच घातलं होतं, डाव आडवा ठेवायचा तेवढा राहिला, आणि वर मी.

वन्सं दारात होत्या. माझं तोंड बघूनच त्यांना समजलं. स्टुलावर बसल्या. "मागच्या वर्षी तो ताप आला ना, तेव्हापासून. ना चव, ना वास. काहीच कळत नाही गं मला."

"मग त्या शनिवारी? 'हो' कशावर म्हणालात?"

"तुझ्या तोंडावर. आधी तूच घाबरलेली असायचीस, म्हणून नाही म्हणायचे. त्या दिवशी तुला खात्री होती." मग हळूच म्हणाल्या, "काल तर कित्ती हसत होतीस."

आधी राग आला. मग तो गेला. मीही त्यांच्या शेजारी बसले.

पातेलं ओतून दिलं. आता नव्या फोडी चिरायला घेतल्यात. मीठ मी घालणार, आणि चाखणारही मीच.