हरणाबाईच्या जागी

४ जून
लिहीन लिहीन म्हणत पंधरवडा घालवला. तर, सांगलीत नोकरी लागली! घर वडूजला, लोणंदचं गोडाऊन झालं, मुंबई झाली, कुठं टिकलो नाही. इथं टिकणार. एमआरआय सेंटर, एसी गार. पेशंटच्या अंगावरचं धातूचं सगळं काढून ठेवायला सांगायचं, गाऊन द्यायचा, आत सोडायचं. मग डॉक्टरीणबाई उपचाराआधीचा फोटो आणि आत्ताचा शेजारीशेजारी लावून गाठ किती आटली ते मोजतात. समोर भडंग झकास मिळतं.

११ जून
माण तालुक्यातली हरणाबाई आली. गर्भपिशवीची गाठ, केमो झालेले. यंत्राचं भोक बघून खालीच बसली. म्हणाली, जित्ती पुरताय व्हय रं मला? तिची जाऊ बनाबाई हसायला लागली. फोटोच काढायचा हाय न्हवं, मी झोपते हिच्या जागी, हिला काय मिशा हायत व्हय वळकायला!
आजची तारीख हुकली तर महिना जाणार होता. शिवाय खाली पैलवानाची मिरवणूक चाललेली, ढोल ऐकून माझे पाय थांबेनात. बनाबाईला गाऊन दिला. यंत्र चालवणाऱ्या जयराजनं नाव विचारलं, तिनं हरणाबाई सांगितलं.

१३ जून
रिपोर्ट आला. गाठ पूर्ण गेली. पुढचे उपचार बंद. हरणाबाईनं रडत माझ्या तोंडात कंदी पेढा कोंबला. तिची गाठ आत तशीच, आणि मी पेढा गिळला. उद्या सांगतो डॉक्टरीणबाईंना.

२ जुलै
सांगितलं नाही. नोकरी जाईल.
आज बनाबाईलाच आणलं. रक्त जातंय. फोटो बघून डॉक्टरीणबाई ओरडल्या, हरणाबाईचा जुना फोटो कुणी लावला? कुणीच नव्हता लावला. तीच गाठ. तीच जागा, तोच वाकडा काठ.
बनाबाईनं माझा हात धरला. म्हणाली, लेकरा, तवाच आत कायतरी सरकलं हुतं.

१९ ऑगस्ट
बनाबाई गेली. हरणाबाई ठणठणीत, मेंढरं राखतीय म्हणे. गाऊन मी दिला. मीच—

२० ऑगस्ट
आज सांगणारच. डॉक्टरीणबाईंच्या दारापर्यंत गेलो— काउंटरवरची समीक्षा आडवी आली, म्हणाली, हरणाबाई आलीय. एकटीच. परत दुखतंय. यंत्रात जायला भितीय.
सोबत कोण, विचारलं.
कुणी नको म्हणतीय. म्हणे, त्यो गाऊन देणारा पोरगा हाय की, त्यो झोपंल माज्या—