एकही लिफ्ट नसलेलं बेट

ती. ताई यांना,
धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून, आणि यंदा नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकून, नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? साडूभाऊंचा खोकला गेला, की अजून घरातच मुक्काम ठोकून आहे? त्यांना म्हणावं, डॉक्टरांनी दिलेली बाटली उशाशी ठेवून खोकला जात नसतो, ती उघडावी लागते. इकडे आम्ही उभयता खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. त्यातली तुमची बहीण खुशाल आहे. मी नाही. ताई, मी घाबरलोय, आणि हे थट्टेने लिहीत नाही. सकाळी दाढी करताना दोनदा कापून घेतलं. या घडीला हनुवटीला दोन ठिकाणी कापूस चिकटवून तुम्हाला पत्र लिहितोय.

ही इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावरून निवृत्त झाली, त्या समारंभाला तुम्ही आलाच होतात. (तुमच्या भाषणानंतर मोठ्या डॉक्टरांनी हिची माफी मागितली. कशाबद्दल, ते त्यांनाही सांगता आलं नाही.) दुसऱ्या दिवशी सकाळी हिने माझ्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडले, आता पंधरा दिवस मला अशा ठिकाणी जायचंय जिथे फोन वाजत नाही. निळा समुद्र हवा, पांढरी वाळू हवी, माडाची झाडं हवीत. एखादं उष्ण हवेचं बेट. कुठलं, ते तुम्ही निवडा.

तिथेच घात झाला. ताई, लिफ्ट इन्स्पेक्टरला कधीही काही निवडायला सांगू नये. आमचं काम निवडायचं नाही, नापास करायचं. आमच्या खात्याची रीतच अशी की इमारतीत पाऊल टाकण्याआधी इथे वाईटात वाईट काय घडू शकेल ते मनात आणायचं, आणि मग ते घडणारच आहे असं धरून प्रत्येक खिळा बघायचा. या रीतीने मी हजारो माणसांना सुखरूप वर नेलं आणि सुखरूप खाली आणलं, त्यातल्या एकानेही कधी आभार मानले नाहीत. (मानतील कसे? काही झालंच नाही ना!) तर त्याच रीतीने मी बेटं तपासायला बसलो.

पहिल्याच बेटाच्या फोटोत मधोमध हिरवागार डोंगर होता आणि डोंगराच्या शेंड्यावर इवलासा पांढरा ढग. ही म्हणाली, अगंबाई, किती गोड! मी भिंग आणलं. आकाशातले बाकीचे ढग आपापले मोकळे फिरत होते, हा एकटाच डोंगराला धरून होता, आणि खालच्या बाजूने करडा होता. तो ढग नव्हता, धूर होता! ट्रॅव्हल एजंटला विचारलं तर तो हसत म्हणाला, हो, ज्वालामुखी आहे, पण झोपलेला आहे. मी विचारलं, तो जागा होतोय की नाही याच्यावर नजर कोण ठेवतं, त्या माणसाची रात्रपाळी असते का, आणि तो रजेवर गेला तर बदली कोण? त्यावर तो आणखी हसला. (हा एजंट सारखा हसतो, म्हणून आम्ही घरात त्याला हसरा म्हणतो.) त्याच्या हसण्याने माझी भीती दुप्पट झाली. ज्याला आपल्या यंत्राची माहिती नसते तो तपासणीच्या वेळी असाच हसतो.

मग डोंगर नसलेलं बेट शोधलं. ते इतकं सपाट निघालं की त्यावरची सगळ्यात उंच जागा म्हणजे हॉटेलची पाण्याची टाकी. म्हणजे मोठी लाट आली तर सगळ्या पाहुण्यांनी टाकीवर चढायचं. टाकीची शिडी फोटोत स्पष्ट दिसत होती, तिला कठडा नव्हता. नापास. त्याच्यानंतरच्या बेटावर लहान विमानाने जावं लागतं, आणि विमानात बसवण्याआधी प्रत्येक प्रवाशाला सामानासकट काट्यावर उभं करतात. ताई, तुमची बहीण काट्यावर उभी आहे आणि एक परका माणूस मोठ्याने आकडा वाचतोय, हे दृश्य डोळ्यांपुढे आलं आणि मला दरदरून घाम फुटला. विमानाच्या इंजिनाची मी चौकशीसुद्धा केली नाही. आणखी एका बेटावर माडाखाली आरामखुर्च्या टाकलेल्या होत्या. तुम्ही म्हणाल, छान! मी म्हणतो, वर बघा. मी हॉटेलला पत्र पाठवून विचारलं, नारळांचं काय? उत्तर आलं, आमचा माणूस वेळच्या वेळी चढून नारळ उतरवतो. मी उलट विचारलं, त्या माणसाच्या कमरेचा दोर कोण तपासतं? पुन्हा उत्तर आलं नाही. तुम्हीच सांगा, का आलं नसेल?

याच सुमारास माझ्या हातून एक गोष्ट घडली. हिने ती तुमच्या कानावर घातली असेलच, पण हिच्या तोंडून ऐकताना ती फार वाईट वाटते, म्हणून मीही सांगतो. हसऱ्याचं ऑफिस चौथ्या मजल्यावर आहे. आम्ही लिफ्टने जात होतो. दुसऱ्या मजल्यावर माझ्या लक्षात आलं की दार पुरतं लागलेलं नाही, बोटभर फट आहे, आणि तरीही लिफ्ट वर चालली आहे! ताई, दार उघडं असताना लिफ्ट हलता कामा नये, हे आमच्या धंद्यातलं पहिलं वाक्य आहे. चौथ्या मजल्यावर उतरलो, बॅगेतून पाटी काढली (ती मी जवळ बाळगतो) आणि दारावर टांगली : वापरास बंद. सही, शिक्का. हे सगळं कर्तव्य म्हणून केलं, पण बेटांबद्दल बोलायला आत गेलो तोवर हसऱ्याला बातमी पोचली होती. तेव्हापासून त्याची सगळी गिऱ्हाइकं चार जिने चढून धापा टाकत येतात आणि समुद्राचं नाव काढण्याआधी पाणी मागतात. हसरा आता हसत नाही. ही तर घरी येईपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलली नाही, आणि घरी आल्यावर बोलली ते अक्षर मी इथे लिहीत नाही.

माझी खरी अडचण अशी की मला पोहता येत नाही. बेट म्हटलं की चहूकडून पाणी, सुटायला जागा नाही, हा विचार आला की हातपाय गार पडतात. म्हणून हिला न सांगता मी सकाळच्या पोहण्याच्या वर्गात नाव घातलं. वर्गात मी आणि गुडघेदुखीसाठी पाण्यात चालायला येणाऱ्या काही वयस्कर बायका. (तुम्हालाही फायदा होईल, खरंच विचार करा.) त्या बायका गप्पा मारत या टोकापासून त्या टोकापर्यंत जात. मी तासभर काठाचा दांडा धरून उभा असे. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी समजावलं, दुसऱ्या दिवशी रागावल्या, तिसऱ्या दिवशी त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवायला घेतली. मी जीव मुठीत धरून दांडा आणखी घट्ट पकडला, तेव्हा तो हलला. बघतो तर भिंतीतला बोल्ट सैल! आता माणसं ज्या दांड्याला धरून बुडायची वाचतात तोच हलतो म्हटल्यावर मी काय करायला हवं होतं? मी भिजलेल्या अंगाने तलावाच्या ऑफिसात जाऊन तक्रार दिली. तलाव दुरुस्तीसाठी बंद झाला. त्या बायका आता रस्त्यात भेटल्या तर मान फिरवतात. पोहायला आलं नाहीच.

हे कळल्यावर ही चिडली नाही, याचीच मला जास्त धास्ती वाटली. ती शांतपणे म्हणाली, तुम्ही जिथे जाल तिथे काहीतरी बंद होतं, आता बेट मीच ठरवते. आणि तिने ठरवलं ते असं. लहानसं बेट, डोंगर नाही, विमान नाही, बोटीने जायचं, आणि ती बोट आठवड्यातून एकदाच येते. राहायला लाकडी खोल्या, सगळ्या जमिनीलगत. फोन नाही, टीव्ही नाही. मी सगळे कागद उलटेपालटे करून पाहिले, ताई, त्या बेटावर एकही लिफ्ट नाही. जिनासुद्धा नाही. मी तिथे पंधरा दिवस करायचं काय?

मी हे सकाळी म्हटलं. संध्याकाळी कामावरून आलो तेव्हा पलंगावर बॅग उघडी होती आणि तिच्यात फक्त हिचे कपडे होते. ही म्हणाली, शनिवारी हसऱ्याला तिकिटांचं सांगायचंय. एक की दोन, तेवढं कळवा. मी जाणार हे नक्की. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. इस्पितळात ज्या आवाजात ती लोकांना सांगायची की डॉक्टर आज भेटणार नाहीत, अगदी त्या आवाजात. आज शुक्रवार आहे.

साडूभाऊंना नमस्कार. तुम्ही दोघंही तब्येतीला जपा, आणि तुमच्या इमारतीची लिफ्ट दर वर्षी तपासून घेत जा.

आपला आज्ञाधारक आणि भेदरलेला
धाकटा मेहुणा

ता. क. – हे पत्र लिहिण्यामागे छोटीशी विनंती आहे. हे मी तातडीच्या टपालाने पाठवतोय. मिळताक्षणी तुम्ही हिला फोन करून सांगाल का, की तुमचा गुडघा फार बळावलाय आणि ती पंधरा दिवस तुमच्याकडे आली नाही तर तुमचं काही खरं नाही? तुमच्यापुढे तिचं काही चालत नाही. माझंही चालत नाही, पण मला चालवायचंच नाहीये. शक्य असेल तर खोटं बोलायला नको म्हणून दोन दिवस गुडघा थोडा जास्त दुखवून घ्या.

ता. क. दुसरा – वरची विनंती रद्द समजा. तुम्ही ओळखलं असेलच, तुमच्यापासून काही लपत नाही. ताई, मी समुद्राला घाबरतो, ते खरं आहे, पण समुद्रासाठी माझी झोप उडालेली नाही. मागच्या आठवड्यात टीव्ही बिघडला. आम्ही दोघं जेवायला समोरासमोर बसलो. मी म्हणालो, आज उकडतंय. ही म्हणाली, हो. मग आम्ही दोघांनी पंख्याकडे पाहिलं. पुढे काय बोलावं ते मला सुचेचना. लेक घरात होती तोवर बोलायचं काम तिच्याकडे होतं, ती नोकरीला परगावी गेली आणि ते काम आमच्यापैकी कोणी घेतलंच नाही. ही दिवसभर बोर्डावर बोलून यायची, तेव्हा मला वाटायचं हिला घरी शांतता हवी. मग मीच लिफ्टांबद्दल सांगायचो, ही हं हं करायची. आता कळतं, ते हं बोर्डावरचं होतं, फोन जोडेपर्यंत समोरच्याला धरून ठेवायचं. त्या पंख्याखाली मला जी भीती वाटली तशी कुठल्या लिफ्टच्या खड्ड्यात उभं राहूनही वाटली नव्हती. त्या बेटावर तिसऱ्या दिवशी ही माझ्याकडे नीट बघेल, तिला कळून चुकेल की या माणसाकडे बोलण्यासारखं काहीच नाही, आणि बोट तर पुढच्या आठवड्यात. म्हणून विचारतो. तुम्ही तिला पाळण्यात असल्यापासून ओळखता. तिला कशाबद्दल बोलायला आवडतं? लहानपणी काय सांगितलं की ती हसायची? दोन-चार विषय कळवा. मी पाठ करीन.

ता. क. तिसरा – ही मागे येऊन उभी होती, मला कळलंच नाही. वरचं सगळं तिने वाचलं. मी कागदावर हात ठेवला, पण हात पुरेना. वाटलं आता संपलं. ही शेजारची खुर्ची ओढून बसली आणि कागदावरचा माझा हात तिने बाजूला केला. मग म्हणाली, मला वाटलं एकट्या मलाच भीती वाटतेय. एकटीची बॅग भरली ती रागाने नव्हे. तुम्ही बरोबर आलात आणि गप्प बसलात तर काय करायचं, त्यापेक्षा एकटीने गप्प बसणं सोपं, असं तिला वाटलं म्हणून. आणि मग रडली, ताई. मीही रडलो. (हे साडूभाऊंना वाचून दाखवू नका.) उद्या हसऱ्याला दोन तिकिटं सांगतोय. भीती तशीच आहे, आता ती दोघांची आहे एवढंच. ही सांगतेय की ताईला तीही हेच विचारणार होती, यांच्याशी काय बोलायचं, म्हणून. तेव्हा उत्तर पाठवाल ते दोन वेगळ्या पाकिटांत पाठवा, आणि हात जोडून सांगतो, दोघांना एकच विषय देऊ नका, नाहीतर ते पहिल्याच संध्याकाळी संपतील.