किटलीवरचं नाव

बाबा, तुम्ही मला लग्नात दिलेल्या किटलीबद्दल लिहिते आहे. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आणि तुम्ही ते का केलंत हे मला अजून कळत नाही.

अलिबागच्या कचेरीत कारकुनी करायची आणि विलायतेला परत निघालेल्या साहेबांच्या लिलावातून चांदीच्या जुन्या कॉफीच्या किटल्या उचलून आणायच्या, हा तुमचा नाद. आई म्हणायची, "घरात कॉफीचा दाणा नाही आणि किटल्या सात. आल्यागेल्याला काय रिकामी तोटी दाखवू?" तुम्ही नुसते हसायचात. माझ्यावर मात्र एकदाच चिडलात. मी नऊ वर्षांची, दिवाळीची भांडी घासायला बसले आहे, आणि हौसेने त्यांतली एक किटली चिंच-राखेने लख्ख करते आहे. तुम्ही ती हातातून काढून घेता. "जुन्या चांदीवर आपल्या हाताची खूण राहता कामा नये," एवढंच म्हणता, आणि दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. मला त्या किटल्यांचा हेवा वाटायचा, बाबा.

आणि त्याच तुम्ही माझ्या लग्नात सगळ्यांत दुर्मीळ किटली बाहेर काढलीत, बुडाशी कारागिराचे छाप असलेली, आणि तांब्या-पातेल्यांवर घालतात तसं तिच्यावर माझं नाव घालून घेतलंत. तेही माहेरचं. ते लग्नातच बदलणार, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का?

परवा तुमचे मुंबईचे पारशी स्नेही चौलला आमच्याकडे आले. बाकीच्या सहा किटल्या आईने त्यांनाच देऊन टाकल्या होत्या. ही हातात फिरवताना त्यांचा चेहरा पडला. "बाई, तुझा बाप शाणा मानूस. असा कसा केला? आता हिला कोन घेनार?" मग नावावरून अंगठा फिरवत म्हणाले, "कोनी घेऊ नये म्हनून तर नाय केला?" जाताना सांगून गेले, ही मला दिलीस तर नाव घासून काढता येईल, मग सातही एकत्र नांदतील.

तेव्हापासून डोकं चालत नाही. माझ्यासाठी तुम्ही किटली बिघडवलीत, का मला तिच्या राखणीला बसवलंत? दोन्ही खरं वाटतं आणि दोन्हींचा राग येतो. आई गेल्यापासून त्या नावाने मला कोणी हाक मारत नाही. काल दुपारी मी ते मोठ्याने वाचलं, तर दुसऱ्याच कुणाचं वाटलं.

हे पत्र धाडायचं तरी कुठे? पण एक सांगते. मी त्या गृहस्थांना होकार कळवला आहे, त्यांचा माणूस उद्या किटली न्यायला येईल. आणि आज सकाळी मी ती भाताच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून पुरून ठेवली आहे.