तळ्यापर्यंत पोहोचणारा कॉम्प्युटर

७ सप्टें., रविवार
काल विसर्जन झालं. मखराच्या जागी नुसता पाट. घर ओकंबोकं.
दुपारी जेवण उरकून लॅपटॉप उघडला. निशांत जर्मनीत, मी इथे नवीन पनवेलच्या बेडरूममध्ये, आणि बापलेक दोघं एकाच गेममध्ये घोड्यावर. त्याचा घोडा पुढे. माझा दोन पावलं टाकतो, मग चित्र गोठतं, मग एकदम झाडात घुसलेला. मी तळ्याकाठी पोहोचलो तोवर निशांत आणि त्याचे मित्र तिथून निघून गेलेले.
"बाबा, तुमचा लॅपटॉप आता रिटायर करा," म्हणाला. मला रिटायर होऊन दोन वर्षं झाली, त्याला काय.
फोनवर हा मुलगा 'जेवलो', 'बरंय', 'थंडी आहे' यापुढे जात नाही. हात कशात तरी गुंतले की मात्र बोलतो. लहानपणी सायकलचं पंक्चर काढताना बोलायचा, तसा. मला त्याच्या शेजारून चालायचंय, बाकी काही नको. तर ठरलं. नवा कॉम्प्युटर घ्यायचा. भाग एकेक निवडून, स्वतःच्या हातांनी जोडायचा.

९ सप्टें.
सुनंदाला सांगितलं. नाही म्हणाली नाही. फक्त, "अहो, पितृपक्ष लागलाय. सर्वपित्री होईपर्यंत घरात नवी वस्तू येणार नाही. तोवर बघायचं तेवढं बघून घ्या."
म्हणजे पंधरवडाभर नुसती निवड. मला तर बरंच वाटलं. लग्न ठरायच्या आधीचे दिवस जसे असतात, सगळ्याच मुली छान वाटतात. (हे सु.ला वाचून दाखवायचं नाही.)

१२ सप्टें.
एसटी स्टँडजवळ इर्शादचं दुकान आहे. गल्ला सोडून सगळीकडे कॉम्प्युटरचे रिकामे कॅबिनेट. पोरगा शांत, गिऱ्हाइकाला घाई करत नाही. मी म्हटलं, मधल्या बजेटात हवाय, उधळपट्टी नाही आणि कंजुषीही नाही. त्याने विचारलं, "काका, खेळणार काय?"
सांगितलं, एक तळं आहे. काठाला गवत आहे, ते वाऱ्याने हलतं म्हणे. मला अजून हललेलं दिसलं नाही.
"मग ग्राफिक्स कार्ड तगडं घ्या. चित्र तेच काढतं. प्रोसेसर बीचवाला चालून जाईल. और पॉवर सप्लाय सस्ता मत लेना, काका. तो गेला तर सगळ्यांना घेऊन जातो."
लाइटवाला कॅबिनेट दाखवला. आतून निळं, जांभळं, हिरवं. पाच मिनिटं बघत बसलो. घेणार नाही. पण बघत बसलो.

१७ सप्टें., बुध.
निवड रोज बदलते. सकाळी रॅम सोळा जीबी पुरेल वाटतं, चहा झाला की बत्तीस. दुपारी आडवा झालो की डोळ्यांपुढे पंखे फिरतात. कळंबोलीच्या स्टीलच्या ऑफिसात जन्म काढला. सळया, पत्रे, चॅनेल, सगळ्याची बिलं केली. स्वप्नात कधी एक सळई आली नाही.
संध्याकाळी गच्चीवर. कर्नाळ्याचा सुळका ढगात अर्धा बुडालेला. गेममधल्या डोंगराला अगदी असाच सुळका आहे म्हणतो निशांत. माझ्या लॅपटॉपवर तिथे राखाडी ठोकळा दिसतो.
दुपारी सहज गेम उघडला होता, तर नि. आत होता. कामाचा दिवस, तिथली सकाळ. विचारलं, ऑफिस नाही का रे? म्हणाला, "घरूनच आहे आज." मग मला घाटातून एकट्याला पुढे जाऊ दिलं.

२१ सप्टें., रविवार
सर्वपित्री. अण्णांचं पान ठेवलं. कावळा आला, वड्याला शिवला. सु.ला हायसं.
अण्णांना जाऊन इतकी वर्षं झाली. ते शेवटी काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक नळाबद्दल असावं. आपण बापाशी तरी कुठे बोललो. पण त्यांच्या शेजारी बसून रेडिओ ऐकायचो, तेवढं आठवतं.
उद्या घट बसतात. उद्यापासून खरेदी मोकळी.

२४ सप्टें.
आणलं सगळं. कार्ड घेतलं तगडं, प्रोसेसर मधला, पॉवर सप्लाय इर्शादने सांगितलेला. कॅबिनेट साधा काळा, समोरून हवा घेणारा. रॅम अखेर बत्तीस. सु. खोके पलंगावर मांडून त्यांच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत बघावं तसं बघते.
मी लगेच स्क्रू ड्रायव्हर काढला. तिने तो हातातून घेतला. "दसऱ्याला पूजा होऊ दे. मग रविवारी निशांत सांगेल तसं जोडा." खरं आहे. स्कूटरची होते, शिलाई मशीनची होते, यानेच काय पाप केलंय.

२ ऑक्टो., दसरा
पाटावर सगळे भाग मांडले. झेंडू, आपट्याची पानं. सु.ने विचारलं, "यात मुख्य कोण?" मी मदरबोर्डवरची, म्हणजे सगळे भाग ज्या पाटीवर बसतात तिच्यावरची, चौकोनी जागा दाखवली. इथे प्रोसेसर बसतो, हे सिंहासन. त्यावर काळं झाकण होतं.
"झाकणाला कुंकू लावायचं? देवाला लावतात, डब्याला नाही."
पटलं. मीच खटका सोडवून झाकण काढलं. तिने ओलं कुंकू बोटावर घेऊन मधोमध लावलं, वर दोन अक्षता. मी हात जोडले. मनापासून जोडले. छान दिसत होतं.

३ ऑक्टो.
नि.ला पूजेचा फोटो पाठवला. एरवी दोन दिवसांनी उत्तर येतं, आज लगेच. "बाबा, कशालाही हात लावू नका."
भिंगातून पाहिलं. त्या चौकोनात केसापेक्षा बारीक पिना, शिस्तीत उभ्या. मधोमध बोटाएवढ्या जागेतल्या सगळ्या आडव्या झालेल्या, लाल रंगात बुडालेल्या.
इर्शादने बघून कपाळाला हात लावला. "काका, वॉरंटीत हे नाही बसणार. सीधं करून बघा, नाहीतर बोर्ड नवा." साफ करायचं स्पिरिट आणि मऊ ब्रश दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत.
सु. संध्याकाळी स्वयंपाकघरात रडली. म्हटलं, अगं, झाकण कुणी काढलं? पण वाईट मलाही वाटलं. फार वाटलं. रविवारचं जोडणं गेलं.

५ ऑक्टो., रविवार
नि. म्हणाला, "व्हिडिओ लावा, आपण करू." सु.ने फोन धरला. माझ्या एका हातात भिंग, दुसऱ्यात तिची शिवणाची सुई. कुंकू आधीच धुऊन काढलं होतं. तो सांगत होता, "डावीकडची. हळू. वर नाही, मागे घ्या." मध्येच अक्षतेचा एक कण निघाला. नि. हसला. किती दिवसांनी हसला हा. सु.पण हसली आणि फोन हलला.
मग कुकरची शिट्टी झाली. सु.ने फोन बरणीला टेकवला आणि आत गेली.
थोडा वेळ नुसतं, "पुढची. आता तिच्या शेजारची." आणि मग त्याच सुरात, "बाबा, माझी नोकरी गेली. मे महिन्यातच."
मी मान वर केली नाही. सुई पिनेवर होती. आणि वर बघितलं असतं तर तो गप्प झाला असता, हे मला माहीत आहे. म्हटलं, हं. ही सरळ झाली का बघ.
"झाली. आईला सांगू नका. अर्ज करतोय. कुणी बोलवत नाही. सकाळी उठून कुठे जायचं नसतं, म्हणून गेम लावतो." मग बराच वेळ बोलला. घराचं भाडं, व्हिसा, एक मुलगी होती ती आता नाही, हेही. मी पिना सरळ करत राहिलो. मध्ये एकदा भिंग पुसायच्या निमित्ताने डोळे पुसले.
घरी ये, म्हणायचं होतं. सु. बाहेर आली. राहिलं.

८ ऑक्टो.
प्रोसेसर बसवला. कार्ड, रॅम, तारा. बटण दाबायला सु.ला बोलावलं. पंखे फिरले, पडदा उजळला. ती म्हणाली, "बघा, पूजा फुकट नाही गेली." 
तिला अजून सांगितलेलं नाही. काल तिने आपणहून विचारलं, "दिवाळीला येईल का हो?" म्हटलं, रजेचं बघतो म्हणाला.

१२ ऑक्टो., रविवार
गवत हलतं.
खरंच हलतं. आधी एका कडेने वाकतं, मग वारा पुढे सरकलेला दिसतो. मी तिथेच उभा. नि. कानात म्हणाला, "बाबा, चला की." निघालो. घोडे शेजारी शेजारी. चित्र एकदाही गोठलं नाही. सुळका दिसला, ठोकळा नव्हे, सुळका, खांद्यावर ढग. मित्र कुणी नव्हते, आम्ही दोघंच. बाहेर सु. चकलीची भाजणी भाजत होती, वास आत येत होता.
तळं आलं. इतके महिने जिथे उशिराच पोहोचलो, तिथे त्याच्याबरोबर पोहोचलो. मग मात्र धीर केला.
"निशांत, घरी ये. नोकरी इथे बघू. नाही मिळाली तरी ये."
त्याचा घोडा थांबला. मला वाटलं, पुन्हा चित्र अडकलं. पण पाण्यावर तरंग होते, गवत वाकत होतं, त्याच्या घोड्याची शेपटीसुद्धा हलत होती. सगळं नीट चालू होतं. तोच थांबला होता.
मी चार पावलं पुढे गेलो होतो, वळलो. माझा घोडा त्याच्या शेजारी नेऊन उभा केला.