मृत्यूचे कारण: एक रकाना

सोमवार, सकाळी ६.१०
रविवारी वाचनालयात माझे व्याख्यान: 'शोकांत नायिका आणि निवडीचे स्वातंत्र्य'. पाच अभिजात कादंबऱ्या, पाच नायिका, एक तक्ता. रकाने: वय, नवऱ्याचा पेशा, उपलब्ध पर्याय, निर्णय, मृत्यूचे कारण. कादंबऱ्या सौ.ने वाचल्या, मी शेवटची प्रकरणे वाचली. निष्कर्षाला तेवढी पुरतात.
संकल्प: रोज एक नायिका.

मंगळवार
नायिका: शून्य. सौ.ला दुसऱ्या गावच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा देऊ केली आहे. उत्तर शनिवारपर्यंत हवे. माझे मत विचारले. रविवारनंतर बोलू, असे सांगितले. अहो, शनिवार आधी येतो, असे ती म्हणाली. ते मला ठाऊक आहे.

गुरुवार, सायंकाळी ७
तीन नायिका पूर्ण. मुख्य सिद्धान्त: निवड टाळता येत नाही, गप्प बसणे हीदेखील निवडच. सौ.ला वाचून दाखवले. तिने तेच वाक्य पुन्हा वाचायला लावले. प्रभावी असावे.
मग म्हणाली, या तिघींच्या नवऱ्यांना घरात काही ऐकू तरी येत होतं का? तक्त्यात तसा रकाना नाही, हे मी निदर्शनास आणले.

शुक्रवार
मुलीचा फोन. बाबा, आईला हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण तोंड उघडा, असे म्हणाली. तिला अस्तित्ववाद समजावून सांगितला. फोन मध्येच कट झाला. रेंज नसावी.
सौ. कपाट आवरते आहे. उशिरा का होईना, शिस्त लागली.

शनिवार, दुपारी ३
मोठी बॅग बाहेर काढली आहे. जुने कपडे द्यायचे असतील. व्याख्यानाचे दडपण आहे. दोनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. दोनदा पाचव्या नायिकेकडे परतलो.

रविवार, सकाळी १०.२०
घरात कोणी नाही. चहा थर्मासमध्ये. तक्त्यात सहावी ओळ, सौ.च्या अक्षरात. वय: ५१. नवऱ्याचा पेशा: ऑफिस अधीक्षक. उपलब्ध पर्याय: दोन; नवऱ्याचे मत चार वेळा विचारून झाले. निर्णय: ७.४०ची बस. मृत्यूचे कारण: लागू नाही.
नोंद पेन्सिलने केली आहे. खोडता येते. नियमाप्रमाणे मात्र शाई हवी.
अकराला व्याख्यान. शाईने गिरवतो आहे. 'लागू नाही' जरा वाकडे आले.