योकोसावात घरांचा बाजार चढता आहे

१ फेब्रुवारी, सकाळ
गावाच्या पत्रकातलं माझं सदर लिहून दिलं. 'योकोसावा : घरांचा बाजार, जानेवारी.' विकलेली घरं शून्य. पण नुसतं शून्य छापायला एजंट कशाला हवा? मी लिहिलं, 'बाजार श्वास रोखून उभा आहे.' मासुमीने वाचलं आणि म्हणाली, "बरेच महिने रोखलाय. माणूस असता तर एव्हाना गेला असता."
बायकोला बाजारातलं कळत नाही. ती हायवेवरच्या स्टॉलवर लोणची आणि सोबा नूडल्स विकते.

त्याच दिवशी, संध्याकाळ
मासुमी म्हणाली, या महिन्यात एक तरी व्यवहार झाला नाही तर ऑफिसची जागा दुसऱ्या कुणाला भाड्याने देणार. जागा तिच्या वडिलांची, आता तिची. मी हसलो. ती हसली नाही.
संकल्प : रोज सकाळी सहाला उठणे. आक्रमक धोरण.

२ फेब्रुवारी
उठलो नऊला. बर्फ पडत होता. बर्फात सहा वाजलेले कळत नाहीत.

५ फेब्रुवारी
ग्राहक आले. खरेखुरे, टोकियोहून. ओगाता नवरा-बायको. दोघंही केस कापतात. शहराला कंटाळलेत, इथे राहायचं आणि सलून टाकायचं म्हणतात. आपल्या गावातलं सलून बंद झाल्यापासून लोक केस कापायला ट्रेनने खालच्या शहरात जातात, किंवा जात नाहीत.
ओगाताबाईंनी विचारलं, स्टेशनच्या रस्त्यालगत, मोठ्या काचेची, आत पाण्याची लाइन असलेली जागा आहे का. मी सफाईने विषय बदलला. ग्राहकाला काय हवंय हे ग्राहकाला कधीच कळत नसतं. मी त्यांना व्ह्यू विकणार.
म्हणजे कुरोइवा आजींचं घर. गावाच्या वर, शेवटच्या वळणावर, जुनं दुमजली लाकडी, समोर अख्खी पर्वतरांग. केस कापताना आरशात डोंगर दिसतील. ही कल्पना मला गरम पाण्याच्या कुंडात बसलो असताना सुचली. पुढची अर्धी अंघोळ राहून गेली.

६ फेब्रुवारी
आजींना तयार करायला गेलो. एकट्याच राहतात. घर विकून साइतामाला मुलीकडे जायचं म्हणतात, पण गेली काही वर्षं नुसतंच म्हणताहेत, कारण मी कुणालाही घर दाखवायला नेलं की त्या खरं बोलतात. या वेळी स्पष्ट बजावलं : गळक्या छपराबद्दल बोलायचं नाही. स्वयंपाकघरात आलेल्या अस्वलाबद्दल तर अजिबातच नाही.
"बरं बाबा तेत्सु, नाही बोलत," म्हणाल्या. "पण येताना गोड बन आण. मागच्या वेळचे शिळे होते."

८ फेब्रुवारी
फोटोसाठी आजींच्या छपरावरचा बर्फ काढायला स्वतः चढलो. बर्फ निघाला. त्याच्याबरोबर मीही निघालो. खाली छातीपर्यंत रुतलो. आजींनी खिडकी उघडून विचारलं, "चहा ठेवू का?" पोस्टमन आला तेव्हा बाहेर निघालो.
निष्कर्ष : छप्पर भक्कम आहे. मी पडलो, ते पडलं नाही.

१२ फेब्रुवारी
ओगातांना घर दाखवलं. आजींनी शब्द पाळला. छप्पर नाही, अस्वल नाही. मी निश्चिंत होऊन बन उघडले. तेवढ्यात ओगातांनी विचारलं, वर कसला आवाज येतोय?
आजी म्हणाल्या, "आमचे सासरे. वारून खूप वर्षं झाली. पण पाऊल हलकं आहे त्यांचं, त्रास नाही काही."
मी सांगितलं की मुंगूस किंवा तसलं काहीतरी असेल. आजींना ते सासऱ्यांचा अपमान वाटला. मग त्यांनीच ओगाताबाईंना सांगितलं की थंडीभर नळ गोठलेला असतो, बर्फ वितळवून भागवायचं. ओगाताबाई म्हणाल्या, "आम्हाला डोकी धुवावी लागतात हो." मी म्हटलं, बर्फाच्या पाण्याने केसांना चमक येते. त्या बराच वेळ माझ्या केसांकडे बघत राहिल्या.
उतरताना मासुमीच्या स्टॉलवर सोबा खाल्ला. मी खात असताना ती ओगातांशी बोलत होती, बराच वेळ. लोणच्याबद्दल असावं.

१५ फेब्रुवारी
फेब्रुवारीचं सदर आत्ताच लिहून ठेवतोय. 'विक्रमी वाढ.' शून्यावरून एक म्हणजे किती टक्के, ते काढायला गेलो तर कॅल्क्युलेटरने एरर दाखवली. इतकी वाढ मशीनलाही झेपत नाही.

१९ फेब्रुवारी
ओगाता स्वतः ऑफिसात आले. उत्तम लक्षण. माझ्या खिडकीची काच मोजली. मग मोरीतला नळ सोडून पाहिला. आजींच्या घराला अशीच काच बसवायची असणार, दूरदर्शी माणूस. मी टेपचं दुसरं टोक धरलं. त्यांनी फार अदबीने आभार मानले, जरा जास्तच. जाताना माझ्या टेबलाकडे बघून म्हणाले, "हे जड आहे का?" मी म्हटलं, अस्सल लाकूड आहे, चार माणसं लागतात. त्यांनी ते लिहून घेतलं.

२२ फेब्रुवारी
कागद आणि ताजे बन घेऊन आजींकडे गेलो. म्हटलं, सही करून ठेवा, ग्राहक आता कधीही होकार देतील. आजींनी कागद बाजूला सारला.
"मी कशाला जाऊ साइतामाला?" म्हणाल्या. "मुलगी दिवसभर कामावर. इथे महिन्यातून एकदा तू कुणाला तरी घेऊन येतोस. मी खोल्या झाडते, चांगला किमोनो काढते, गप्पा होतात. घर विकलं तर मला बघायला कोण येणार?"
मी विचारलं, मग हे आधी का नाही सांगितलं. म्हणाल्या, "तू आला नसतास."
मी एक बन खाल्ला. आजींनी दुसरा दिला, तोही खाल्ला. वर सासरे चालत होते.
डायरीत मात्र नोंद अशी : तात्पुरती माघार. बाजार मूळचा निरोगी.

२७ फेब्रुवारी
मासुमीने जेवताना सांगितलं की ओगातांशी करार झाला. मी घास गिळायच्या आत विचारलं, कुठलं घर? म्हणाली, "घर नाही. तुमचं ऑफिस. खाली सलून, वर ती दोघं राहतील. घर बघून उतरले त्या दिवशीच स्टॉलवर विचारलं होतं त्यांनी. तुम्हाला पण विचारलं होतं म्हणे."
मी म्हटलं, इतका मोठा व्यवहार इतक्या लवकर कसा उरकला?
ती म्हणाली, "मध्ये एजंट नव्हता."
नंतर तिने माझ्या वाटीत आणखी मिसो सूप वाढलं. मी नको म्हणालो नाही.

२८ फेब्रुवारी
टेबल हलवलं. चार नाही, पाच माणसं लागली. पाचवा मी, दार धरायला. ओगाताबाईंनी सगळ्यांचे केस फुकट कापले. माझे कापताना एकदाच म्हणाल्या, "बर्फाच्या पाण्याने धुता का?"

१ मार्च, सकाळ
टेबल आता मासुमीच्या स्टॉलच्या मागे, बरण्यांच्या शेजारी. मोक्याची जागा. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीवर नजर राहते.
सदर लिहून दिलं. 'योकोसावा : घरांचा बाजार, फेब्रुवारी. मागणीचा जोर इतका, की खुद्द एजंटला जागा मिळेना.' त्यात खोटं एक अक्षर नाही.
आजींकडे या महिन्यातही जायचं. ग्राहक मिळाला तर ग्राहक घेऊन, नाहीतर मासुमीला घेऊन.

त्याच दिवशी, दुपार
मासुमी माल आणायला गेली होती. एक बाई गाडीतून उतरल्या. मी उठून बाजाराची परिस्थिती समजावून सांगायला सुरुवात केली. त्यांनी शलगमाच्या लोणच्याची दोन पाकिटं मागितली. मी दिली. त्यांनी पैसे दिले आणि गेल्या.
व्यवहार इतका सोपा असतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.